नवाबची होडी

सिनेमाचं नाव काढू नका राव, माझं डोकं फिरतं. आता बोलपट आलेत, पडद्यावरची माणसं आपल्या तोंडानं बोलतात, माझ्यासारख्या बडबड्याची कुणाला गरज उरली न्हाई. लई बरं झालं! माझा भाचा नवाब कॉलेज सोडून कागदाच्या हौदावर बसला, तो माझ्या या जिभेपायी. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगतो.

तवा सिनेमा मुका व्हता. तंबू सत्तारशेठचा. मशीनचा दांडा सोपान फिरवायचा, आन् मी पडद्याच्या बाजूला काठी घेऊन उभा राहायचो आन् काय चाललंय ते वरडून सांगायचो. मधी मधी पडद्यावर इंग्रजी अक्षरं यायची. मला इंग्रजी ठो येत नव्हतं. मी माझ्या मनानं सांगायचो आन् लोक माना डोलवायचे. गोऱ्यांची नावं कुणाच्या ध्यानात राहत न्हाईत, म्हणून मी एक रीत पाडली व्हती. ज्या गावात तंबू पडंल तिथं सकाळी बाजारात हिंडायचं, कोण कसा हाय ते बघायचं, आन् सांच्याला पडद्यावरच्या माणसांना त्याच गावातली नावं द्यायची. बेल्ह्याला मारामारीच्या खेळात नायकाला तिथल्या बैलांच्या दलालाचं, रखमाजीचं, नाव दिलं, तर दुसऱ्या दिवशी गड्यानं साऱ्या तंबूला पेढे वाटले. फक्त एक व्हतं. एकदा दिलेलं नाव खेळ संपेस्तोवर बदलायचं न्हाई, न्हाईतर लोकांचा घोटाळा व्हतो.

नवाब म्हंजे माझ्या बहिणीचा, आमिनाचा, एकुलता एक. त्याचा बाप लवकर गेला. आमी जुन्नरचे कागदी. चिंध्या कुजवायच्या, कुटायच्या, लगदा हौदात सोडायचा, साच्यानं कागद उचलायचा, भिंतीला चिकटवून वाळवायचा. "आपल्या मोहल्ल्यानं पिढ्यान् पिढ्या कागद केला, पण त्याच्यावर लिहिणारा एक निघाला न्हाई," असं मीच आमिनाला म्हणलो आन् पोराला पुण्याला कॉलेजात धाडायला लावलं. आमच्या मोहल्ल्यातनं कॉलेजात गेलेला तो पहिलाच. तो रस्त्यानं निघाला की म्हातारी माणसं ओट्यावरनं उठून सलाम करायची. माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू?

सन अठ्ठावीसच्या दिवाळीच्या सुट्टीत नवाब घरी आला व्हता. वाळला व्हता पोरगा. कॉलेजचं इचारलं की "बरं चाललंय मामू" एवढंच बोलायचा आन् चष्मा पुसत बसायचा. शुक्रवारी परत जायचा व्हता. आमचा तंबू बुधवारी जुन्नरात लागला. नव्या खेळाची पेटी पुण्याहून मोटारीनं नारायणगावला आन् तिथनं बैलगाडीनं दुपार कलल्यावर पोचली. एरवी मी आन् सोपान खेळ आधी एकदा लावून बघायचो. त्या दिवशी कुठली सवड? मी सत्तारशेठला इचारलं, "शेठ, खेळ कशाचा हाय?"

"कॉलेजातल्या पोराचा. हसायचा खेळ हाय."

कॉलेजातला पोरगा! जुन्नरात कॉलेजातला पोरगा म्हणल्यावर दुसरं कुणाचं नाव देणार व्हतो मी? तसाच उठलो आन् आमिनाच्या घरी गेलो.

नवाब म्हणाला, "मामू, मला नका नेऊ. मला गर्दीत न्हाई बसवत."

"येडा का खुळा तू? शेठच्या शेजारी खुर्चीत बसायचं. आज सारं जुन्नर तुझं नाव घेणार हाय!"

आमिना म्हणाली, "भाईजान, त्याचं मन न्हाई तर राहू द्या की." मी तिलाही गप केलं. दंडाला धरून नेलं पोराला. आमिना बायकांच्या बाजूला, कापड लावलं व्हतं त्याच्या पलीकडं बसली.

दिवेलागणीला खेळ सुरू झाला. पडद्यावर एक काटकुळा गोरा पोरगा, भली मोठी ट्रंक घेऊन कॉलेजच्या दारात उतरला. मी काठी टेकवली आन् वरडलो, "मंडळी, हे बघा आपले नवाबसाहेब! पुण्याच्या कॉलेजात निघाले!" टाळ्या पडल्या. शिट्ट्या झाल्या. नवाबनं मान खाली घातली. मला वाटलं, लाजला.

म्होरं काय व्हणार ते मला तरी कुठं ठाऊक? कॉलेजातल्या बाकीच्या पोरांनी त्याला चुकीचं दार दाखवलं आन् हा सरळ मुदपाकखान्यात शिरला. तिथं त्याच्या कमरेला फडकं बांधलं आन् हातात परात दिली. ह्याला वाटलं, कॉलेजची रीतच असंल. सगळ्यांना वाढत सुटला. पोरं त्याच्या पाठीमागं हसतात, हा वळला की गंभीर होतात. आता मी काय सांगणार? "बघा, नवाबसाहेब लई पाहुणचार करतात!" तंबू खदाखदा हसला. तांबटआळीतला कुंडलिक, त्याचा आवाज नगाऱ्यावानी, तो वरडला, "नवाब, मला पण वाढ की जरा!" मुरकुंडी वळली लोकांची.

पडद्याच्या उजेडात मला सगळ्यांची तोंडं दिसायची. नवाबचं पण दिसलं. त्यानं चष्मा काढून मुठीत धरला व्हता, आन् त्याला पडद्यावरचं काही दिसू नये असा बसला व्हता. तिथंच थांबायला पाहिजे व्हतं. नाव बदलायचं व्हतं, घोटाळा झाला असता तर झाला असता. पण लोक असे हसत व्हते राव, तसे माझ्या बोलण्यावर कधी हसले नव्हते. मला ते सोडवंना. मी आणखी मीठमसाला लावला. नवाब चालतो तसा चालून दाखवला. चष्मा पुसून दाखवला. आगं आई गं, माझ्याच भाच्याचा चष्मा!

शेवटी नदीवर होड्यांची शर्यत लागली. पोरांनी त्याच्या गळ्यात पट्टा घातला, तू आमचा कप्तान म्हणून त्याला होडीत बसवलं, आन् होडी पाठीमागनं दोरानं काठाला बांधून ठेवली. बाकीच्या होड्या गेल्या. हा वल्हवतोय, घाम गाळतोय, होडी जागची हलंना. काठावर पोरं हसून लोळतायत, आन् ह्याला वाटतंय आपल्याला शाबासकी देतायत. कुंडलिक उठून उभा राहिला. "अरं नवाब, दोर सोड की! दोर सोड!" बघता बघता अख्खा तंबू वरडायला लागला, "नवाब, दोर सोड!"

आन् पडदा पांढरा झाला.

सोपाननं लांबूनच हात हालवला. पेटीत सहाच रिळं निघाली व्हती, सातवं न्हाई. शेठ मला खुणावू लागला, आटप, आटप. लोक वाट बघत व्हते. मी काठी वर केली आन् म्हणलो, "तर असं हाय मंडळी! आपले नवाबसाहेब अजून वल्हवतायत. सकाळपतुर पोचतील. चला, घरी जा!"

एवढ्या टाळ्या मला जन्मात मिळाल्या न्हाईत. शेठच्या शेजारची खुर्ची मोकळी व्हती.

दुसऱ्या दिवशी आमिनाच्या दारात गेलो तर तिनं आत या म्हणलं न्हाई. उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, "शुक्रवारी जात न्हाई म्हणतोय तो. आता कधीच जायचा न्हाई."

"एवढ्याशा चेष्टेनं?"

"चेष्टा?" ती लई हळू बोलत व्हती. "भाईजान, तिथल्या पोरांनी त्याचं नाव लगदा ठेवलंय. त्याच्याकडनं कपडे धुवून घेतात, ताट वेगळं मांडतात. परवाच सांगितलं त्यानं मला. म्हणाला, अम्मी, दोन वर्षं काढीन मी कशीतरी. जुन्नरात माझी इज्जत हाय, तेवढ्यावर काढीन. आज सकाळी पाण्याला गेला तर टोळकं मागं लागलं. दोर सोडला का, नवाब, दोर सोडला का."

मी दारातनंच माघारी फिरलो.

तंबू म्होरं गेला. महिन्याभरानं पेठ गावाला आमचा मुक्काम पडला, तवा ते सातवं रीळ आलं. चुकून दुसऱ्याच पेटीत गेलं व्हतं म्हणे. या बारीला मी आन् सोपाननं आधी लावून बघितलं. आन् काय सांगू तुमाला! तो पोरगा वल्हवतो, वल्हवतो, आन् दोर तुटतो. होडी अशी सुटते की सगळ्यांना मागं टाकते. जिंकतो तो! ज्या पोरांनी दोर बांधला व्हता, त्यांच्याच खांद्यावर बसून वाजतगाजत कॉलेजात जातो. सोपान टाळ्या पिटायला लागला. मी मात्र जोडे पायात घातले आन् शेठला न इचारता जुन्नरची वाट धरली. थोडी गाडीनं, बाकी पायी.

नवाब हौदावर व्हता. कोपरापतुर हात लगद्यात. साचा बुडवायचा, हलवायचा, उचलायचा. आमचा बाप उचलायचा तसाच सफाईदार उचलत व्हता. भिंतीवर ओले कागद लागले व्हते, सगळे कोरे.

मी धापा टाकतच म्हणलो, "नवाब, बेटा, सातवं रीळ बघितलं मी. तो जिंकतो रं! दोर तुटतो, तो सगळ्यांच्या म्होरं जातो. मी जुन्नरात परत खेळ लावायला लावतो शेठला. सगळ्यांना दाखवतो. तू जा पुण्याला, अजून कॉलेजातनं तुझं नाव काढून टाकलं नसंल त्यांनी."

त्यानं साचा उचलला. पाणी निथळू दिलं. मग माझ्याकडं बघितलं. रागानं न्हाई, तेच तर लागलं. रागावला असता तर मी पाय धरले असते.

"मामू, त्या पडद्यावर इंग्रजीत काय लिहिलेलं असतं, ते तुमाला येतं का?"

"न्हाई येत. तुला ठाऊक हाय की."

"म्हंजे सगळं तुमीच मनानं सांगता."

"हां. मनानंच."

"मग त्या दिवशी रीळ नव्हतं," तो म्हणाला, "तुमचं तोंड तर व्हतं ना?"

एवढं बोलून त्यानं साचा परत हौदात बुडवला. दोर तुटला, नवाब जिंकला. एवढे चारच शब्द लागले असते राव. लोकांनी ते पण खरं मानलं असतं.