मामाचा नवा पत्ता

चातुर्मासात माझा मौनभोजनाचा नेम असतो. दिवसातून एकदाच जेवायचं, आणि ताटावर बसल्यापासून हात धुईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. बोललं गेलं तर ताट तसंच ठेवून उठायचं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्यावर राहायचं. अकरा वर्षांत मी एकदाच उठले होते, गॅसवरचं दूध उतू जात होतं म्हणून. ह्या वर्षी दुसऱ्यांदा उठले, त्याची ही हकीगत.

शुक्रवारी संध्याकाळी माझा धाकटा भाऊ प्रताप दोन बॅगा घेऊन सिंगापूरमधल्या आंग मो किओच्या आमच्या फ्लॅटवर आला. तो ज्या घरात खोली घेऊन राहत होता, ते घर मालकांनी विकलं.

"ताई, दुसरी खोली मिळेपर्यंत," तो दाराबाहेरच उभा राहून म्हणाला. चपला आधीच काढून ठेवल्या होत्या, पण उंबऱ्याच्या आत पाय टाकला नव्हता.

माझी मुलगी मैत्रेयी वीस वर्षांची आहे, युनिव्हर्सिटीत शिकते. तिला मामा जहाजावरून उतरला एवढंच माहीत होतं. प्रताप मरीन इंजिनिअर. तो सहा-सहा महिने दिसला नाही तरी आमच्यात कुणाला नवल वाटत नाही. म्हणून त्याला शिक्षा झाली तेव्हा ह्यांनी आणि मी फार विचार न करता सांगून टाकलं, लांबच्या कंत्राटावर गेलाय. चौदा महिने तो तुरुंगात होता, आणि आमच्या घरात तो समुद्रावर होता. सुटून आल्यावरही चार महिने तो इकडे फिरकला नाही. मीच डबा पोचवून यायचे.

मैत्रेयीच्या वाढदिवसाला मी इथल्याच तांजोंग पगार भागातल्या एका दुकानातून पितळी होकायंत्राची किल्लीसाखळी आणली आणि म्हटलं, मामानं सँटोसहून पाठवलीय. सँटोस ब्राझीलमध्ये आहे हेही मला तेव्हा फोनवर बघावं लागलं होतं. तिनं ती बॅगेला लावली, अजून तिथेच आहे.

त्यानं काय केलं तेही लिहिते. बसमध्ये शेजारी बसलेल्या मुलींच्या अंगाला हात लावला. तीन वेगळ्या दिवशी, तीन मुली. तिसरीनं बस थांबवायला लावली. कोर्टात तिचं म्हणणं वाचून दाखवलं, तेव्हा मी मागच्या बाकावर होते. ती आता बसमध्ये चढत नाही, कामाला पाऊण तास चालत जाते, असं त्यात होतं. तेव्हापासून मी देवापुढे तिच्या नावाची एक वात जास्त लावते. नाव माहीत नाही, तरी लावते. तिला त्याचा काय उपयोग, हे मला सांगता येत नाही.

प्रतापला शिक्षा पुरी होण्याआधी अटींवर सोडलंय, त्या अटींचा एक कागद आहे, चार घड्या पडलेला. मुक्काम हलला की तीन दिवसांत अधिकाऱ्याला कळवायचं. नव्या घरात कोण कोण राहतं ते सांगायचं. मग अधिकारी येऊन घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाशी बोलणार. कळवलं नाही, किंवा खोटं कळवलं, तर उरलेले महिने पुन्हा आत. मुदत सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

"प्रत्येक मोठ्या माणसाशी म्हणजे मैत्रेयीशीही," मी ह्यांना म्हटलं.

हे जुरोंग आयलंडला रिफायनरीत आहेत, बोलणं नेहमी नकाशा काढल्यासारखं. म्हणाले, "नंदू जहाजावर आहे." नंदू म्हणजे ह्यांचा मित्र. "घर रिकामं, किल्ली माझ्याकडे. पत्ता नंदूचा द्यायचा, झोपायचं इथे. कोण बघायला येतंय?"

"आणि आले बघायला तर?"

"तर प्रताप अर्धा तास तिथे जाऊन बसेल. पोरीला कशाला त्यात ओढायचं? सहा महिन्यांचा तर प्रश्न."

प्रताप कागदाची पाचवी घडी घालत बसला. खरं सांगायचं तर मलाही ते बरं वाटलं. भावाच्या तुरुंगाची भीती होतीच, पण मुलीच्या तोंडाकडे बघण्याची त्याहून जास्त होती.

सोमवारी सकाळी हे कंपनीच्या बसने गेले. मी पूजेला बसले. संकल्पात देश-काल सांगावा लागतो. इथल्या गुरुजींनी मला सिंगापूरचं, आंग मो किओचं नाव त्यात नीट बसवून दिलंय. मी पळीतलं पाणी सोडलं, तर मागे प्रताप उभा.

"तुलाही पत्ता कळवावा लागतो की," तो म्हणाला. "तोही रोजच्या रोज. माझ्यापेक्षा कडक ऑफिसर आहे तुझा."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी तो काही गंमत बोलला होता. पण पुढे आरती म्हणताना ते वाक्य जाईना. मी देवाला आंग मो किओ सांगणार आणि भावाला नंदूचं घर सांगायला लावणार.

दुपारी मैत्रेयीला क्लास नव्हता. तिघं जेवायला बसलो. मुगाची आमटी, भात, दोडक्याची भाजी. मी चित्राहुती घातल्या आणि माझं मौन सुरू झालं.

"मामा, तू इतका क्वाएट कसा झालास?" मैत्रेयी म्हणाली. "आधी किती बोअर करायचास, इंजिन, पंप, इंजिन, पंप."

"वय झालं," प्रताप म्हणाला.

"फॉर्टी-सिक्सला कसलं वय, लाह," ती इथल्या पोरांच्या सिंग्लिशमध्ये म्हणाली. "सँटोस कसं आहे? आईनं मला की-चेन दिली तेव्हापासून विचारायचं होतं."

प्रतापनं माझ्याकडे बघितलं. माझ्या हातात भाताचा घास होता.

"बरं आहे," तो म्हणाला. "पाऊस फार."

"किती दिवस होतास तिथे?"

तो पुन्हा माझ्याकडे बघायला लागला. मी ताटाकडे बघितलं. दोन दिवस असंच चाललं होतं. ती विचारायची, तो अडखळायचा, आणि मी जेवत असायचे. तेव्हा मला कळलं की ह्या नेमाचा मला किती आधार झालाय. देवासाठी धरलेलं मौन मी भलत्याच कामाला लावलं होतं.

मी घास ताटात ठेवला.

"तो सँटोसला गेला नव्हता," मी म्हटलं.

मैत्रेयी दचकली, ती माझ्या आवाजाला. "आई, तुझं व्रत..."

"मोडलं. ऐक." आणि मी ताट बाजूला सारून उभी राहिले. "साखळी मी तांजोंग पगारहून आणली. मामा तुरुंगात होता."

पुढचं मी सांगणार होते, पण प्रतापनं हात वर केला. "ताई, मला बोलू दे." त्यानं सगळं सांगितलं. बसचा नंबर, तीन दिवस, तीन मुली. झोप लागली होती, चुकून हात लागला, असलं काही म्हणाला नाही. मग अटींचा कागद तिच्यापुढे ठेवला.

मैत्रेयीनं तो दोनदा वाचला. आमटीवर पापुद्रा धरला.

"त्या मुलींना माहीत आहे का तू बाहेर आलायस ते?"

"मला माहीत नाही," तो म्हणाला.

"म्हणजे फक्त मला स्टोरी सांगितली तुम्ही सगळ्यांनी. मी रोज बसनं जाते, आई. मला तर सांगायला हवं होतं." ती रडत नव्हती. आवाज अगदी सपाट होता, ते मला जास्त लागलं.

"हो," मी म्हटलं.

"तू नको म्हणालीस तर मी तसंच ऑफिसरला सांगेन," प्रताप तिला म्हणाला. "ते कुठेतरी सोय करतात. पण नंदूचा पत्ता देणार नाही."

ती उठली, बॅगेवरची होकायंत्राची साखळी काढून टेबलावर ठेवली, आणि पुन्हा बसली. घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

प्रतापनं फोन लावला. स्पीकर चालू करून मध्ये ठेवला. पलीकडून बाईंचा शांत आवाज आला. त्यानं इंग्रजीत नाव सांगितलं, घर सुटल्याचं सांगितलं, ब्लॉक, मजला, दार सांगितलं. बहिणीचं घर. बहीण, तिचे मिस्टर, आणि भाची, वय वीस.

"भाचीला माहीत आहे?" बाईंनी विचारलं.

"हो. आत्ताच सांगितलं. तिनं अजून उत्तर दिलेलं नाही."

"पोस्टल कोड?"

प्रतापनं सांगितला. शेवटचा आकडा त्यानं चुकवला, एकाऐवजी सात म्हणाला. मला ते कळलं, मी सांगायला पुढे वाकले.

"फोर वन," मैत्रेयी म्हणाली. फोनकडे बघत, त्याच्याकडे नाही. "फोर सेव्हन नाही. फोर वन. अँड मॅडम, प्लीज मी घरी असताना या. मला तुमच्याशी एकटीनं बोलायचंय."

बाईंनी बुधवार, दुपारी चार, असं सांगितलं.

फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, "माझ्या खोलीला आतून कडी हवी. आजच."

"आजच," मी म्हटलं.

प्रताप उठला आणि त्यानं विचारलं, ड्रिल कुठे आहे. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. "नको. माणूस बोलवा," तो म्हणाला. "तेच बरं."

मी माणसाला फोन केला. माझं ताट तसंच होतं, भात कोरडा होऊन गेला होता. मैत्रेयीनं ते उचलून झाकून ठेवलं, नेम मोडलेल्या ताटातलं ते अन्न मला उद्याही चालत नाही हे माहीत असूनही.