बटाट्यावरचा फेस

विमलाबाईंच्या घरात एका बाटलीला हात लावायची कोणाला मुभा नव्हती. कोनाड्यातली, जखम धुवायच्या औषधाची, अर्धी भरलेली. हिरालालला जाऊन चार महिने झाले. कपडे वाटून झाले, चपला दिल्या, पण नवऱ्याची ही बाटली जागची हलली नाही. कोणी विचारलं की बाई फणकारत, "तुमचं काय खाऊन राहिली ते?"

आज मात्र लेकीनंच मागितली. खुशबू दहावीत, उद्या शाळेत विज्ञान प्रदर्शन, गावातले आईबाप बघायला येणार. शिकणाऱ्या पोरीला नाही कसं म्हणायचं?

खुशबूनं दोन बशा मांडल्या. एकीत कच्च्या बटाट्याची चकती, दुसरीत उकडलेल्याची. दोन्हींवर औषधाचे थेंब टाकले. उकडलेला ढिम्म बसला. कच्चा मात्र बघता बघता पांढऱ्या फेसानं भरून आला.

तांदूळ पाखडणाऱ्या विमलाबाईंच्या हातातलं सूप थांबलं. हा फेस त्यांच्या चांगल्या ओळखीचा होता.

भाताच्या रोवणीच्या चिखलात हिरालालच्या पायाच्या बोटात काच घुसली होती. अंगात शुगर, जखम चिघळली. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं औषध दिलं आणि बजावलं, आठवड्यात फरक नाही पडला तर लगेच या, बोट काढावं लागेल. बाई रोज सकाळी जखमेवर औषध ओतायच्या. हिरालाल तोंड फिरवून पडायचा आणि विचारायचा, "आला का वो फेस?"

"आला. कालच्यापेक्षा जास्त आला."

मग तो निवांत चहा प्यायचा. औषध लागू पडलं, बोट वाचलं, असंच दोघं धरून चालले. फेस वाढत गेला तसा त्यांचा धीर वाढत गेला. तिसऱ्या आठवड्यात भंडाऱ्याला पोचले तेव्हा विष अंगभर पसरलं होतं.

"खुशबू, हा बटाटा बरा होऊन राहिला का?"

पोरगी हसली. "बरा कायले होईल? जिवंत पेशीत विकर असते आई, एन्झाइम. त्यानं या औषधातला ऑक्सिजन सुटते, त्याचा फेस. उकडलं का विकर खतम. कापलं तिथं फेस येतेच."

"जखम सडत असली तरी?"

"तरी..." खुशबूचं हसू मावळलं. तिनं बाटलीकडे पाहिलं, मग आईकडे. "माणसाचं वेगळं असते, आई."

लेक खोटं बोलत होती, आणि तिला धड खोटंही बोलता येत नव्हतं.

विमलाबाई भिंतीला टेकून रडल्या. चार महिने रडू यायचं ते माणूस गेल्याचं होतं. आजचं निराळं होतं. रोज सकाळी आपण सांगत गेलो आणि तो बिचारा विश्वास ठेवत गेला, हे काही केल्या गिळवेना.

खुशबू घाईघाईनं बशा उचलू लागली. "मी दुसरा प्रयोग करतो. मॅडमले सांगतो."

"ठेव त्या खाली." बाईंनी पदरानं तोंड पुसलं. बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि आपल्या हातानं ती लेकीच्या दप्तरात ठेवली. "हाच कर. उद्या बाया येतील, त्यायले सांगजो, फेस आला म्हणजे जखम भरून राहिली असं नसते. मोठ्यानं सांगजो."

"आई..."

"आन् कोणी विचारलं, तुले कसं माहीत, तर माह्यं नाव सांगजो."