तांब्यात बांधलेलं पाणी

बाजारतळावर पाय ठेवायला जागा नव्हती. मेघबाबांनी सगळ्यांदेखत तांब्यात पाणी ओतलं, तोंडातल्या तोंडात बराच वेळ पुटपुटले आणि तांब्या एका म्हाताऱ्याच्या डोक्यावर उपडा केला. थेंबही पडला नाही. लोकांनी हात जोडले.

"पाणी माझ्या शब्दाबाहेर नाही," बाबा म्हणाले. "मेघ तर त्याचाच थोरला भाऊ. धूर वर गेला की तो खाली आलाच समजा. घराघरातली धाटं आणून या जाळात घाला. एक काडी मागे राहिली तरी मेघ रुसेल."

धाटांबरोबर पोतंभर धान्यही आणायचं होतं. ते मात्र जळत नव्हतं, बाबांच्या गाडीत जात होतं. मेघाला बहुधा धान्याचा धूर सोसत नसावा.

गर्दीत उभ्या असलेल्या धाकट्या सुनेला, धाकटीला, रडू यायचं तेवढं बाकी होतं. तिच्या सासऱ्यांनी, आबांनी, मक्याच्या धाटांच्या दोन ट्रॉल्या जाळात घातल्या होत्या आणि तिसरी शेजारी उभी होती. दोन वर्षं धड पाऊस नव्हता. विहिरीत रोज तासभर मोटर चालेल एवढंच पाणी. त्यावर संत्र्याची बाग जगवायची तर बुंध्यांभोवती धाटांचा वीतभर थर हवा, म्हणजे ऊन मातीला लागत नाही आणि ओल टिकते. हे ती महिनाभर सांगत होती. "आता तू मला शेती शिकवणार?" एवढंच उत्तर मिळायचं.

आबांना परत न्यायला ती पुढे गेली. बाबा तांब्या झोळीत ठेवत होते, तेवढ्यात त्याच्या काठावरून एक बुळबुळीत, पारदर्शक कण तिच्या पायाशी पडला. तिने तो बोटांत चोळून पाहिला. गेल्याच आठवड्यात थोरल्या जावेने बाळाचा डायपर चुकून कपड्यांबरोबर भिजत घातला होता. तो फाटला आणि बादलीभर पाण्याचा असाच गिलगिलीत लगदा झाला. पाणी वाया गेलं म्हणून आबांनीच घर डोक्यावर घेतलं होतं.

धाकटी धावत घरी गेली आणि कोरा डायपर, तांब्या नि पाणी घेऊन आली. सगळ्यांसमोर डायपर फाडून तिने आतली पांढरी भुकटी तांब्यात झटकली आणि पाणी ओतलं.

"मला मंत्र येत नाही. शंभरपर्यंत मोजते."

मोजून झाल्यावर तिने तांब्या स्वतःच्याच डोक्यावर उपडा केला. थेंबही पडला नाही. मग आतला गोळा काढून तिने आबांच्या तळहातावर ठेवला.

"ओळखलंत, आबा? बादलीतलं तेच हे. बाळाची शू शोषायला भरतात. यांच्या तांब्याच्या तळाशी ही भुकटी आधीच होती."

"मग तुमचा तांब्या दाखवा की, बाबा," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

बाबांनी झोळी काखोटीला मारली. मेघ आता कोपला, असं सांगत ते गाडीत बसले, धान्यासकट.

"पण सकाळी ढग आले होते हं," किराणावाला हळूच म्हणाला. धाकटीने कपाळाला हात लावला.

आबांनी तिसरी ट्रॉली बागेकडे वळवली. त्या धाटांत पाच ओळी झाकल्या. दहा उघड्याच राहिल्या.

"बारा वर्षांची झाडं मी धुरात घातली," आबा म्हणाले. "तू ओरडून सांगायचं होतंस."

"ओरडतच होते, आबा. महिनाभर."

पाऊस कुणाच्या हातात नाही, ओल धरून ठेवणं आपल्या हातात आहे. तेव्हा पुढचा बाबा आला की आधी त्याच्या तांब्यात हात घालून बघा. आणि त्याच्याकडे जाण्याआधी घरातलं माणूस महिनाभर काय सांगतंय, तेही ऐका.