लूम खात्याची टीम

माझे बाबा, नत्थूजी, ठार बहिरे आहेत आणि हा बहिरेपणा त्यांना मिलनं पगारासोबत दिला. लूम खात्यात शेकडो माग एकदम चालायचे. तिथं ओरडून घसा फाडला तरी शेजारच्याला ऐकू जायचं नाही, म्हणून सगळे हातांनी बोलायचे. नियम एकच. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं. तोंड फिरवलं की बोलणं संपलं.

मिलच्या खात्याखात्यांत फुटबॉलची लीग चालायची आणि लूम खात्याची टीम मैदानावरही अशीच मुक्यानं खेळायची. रेफ्रीची शिट्टी त्यांना ऐकूच यायची नाही. शिट्टी झाल्यावरही गोल मारून नाचत बसायचे आणि लोक हसून लोटपोट व्हायचे. पण सूत खात्याची पोरं बॉलसाठी बोंबलत असताना बाबा आणि त्यांच्या शेजारच्या मागावरचे चंपतराव काका नुसत्या बोटांच्या खुणांवर बॉल पार पुढे न्यायचे. फायनल दरवर्षी मारबतीच्या दिवशी, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ढोल वाजवत मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा. मिल बंद पडली, टीम पांगली, एकेक जण गेलाही. मैदानाच्या उरलेल्या तुकड्यावर आता गाड्या लागतात. तरी मारबतीला काका उमरेडहून एसटीनं यायचे आणि दोघं तिथल्या पायरीवर बसून संध्याकाळपर्यंत हातांनी बोलायचे.

आई होती तोवर घरात तिच्याशीही हे हातांचं बोलणं चालायचं. ती गेल्यावर बाबांशी बोलणारं जगात एकच माणूस उरलं. मी आहे, पण मी पाटीवर लिहून देते, आणि पाटीवर ‘चहा घेता का’ याच्यापुढे माणूस काय लिहिणार? मी ही बोली शिकायला बसले तेव्हा बाबा माझी बोटं धरून हसले. “तुले मागाचा आवाज कुठून आणून देऊ वं?” म्हणाले. बाबांना कानाचं मशीनही लावून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, नसच मेली आहे. खरं सांगते, बाबा मारबतीच्या त्या एका दिवसासाठी जगत होते.

यंदा मीही बाबांसोबत पायरीवर गेले होते. काका आले ते कानात मशीन घालून. त्यांच्या मुलानं, सौरवनं, घेऊन दिलेलं. बसायच्या आधीच मला म्हणाले, “कामिनी, पोरी, चिमण्या ऐकू येऊन राहिल्या वं मले.” डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. अशा माणसाचा कुणाला राग येईल? मला आला.

बाबांनी हात उचलले. वर्षभराचं साठलं होतं. काकांनीही हातांनी दोन-चार उत्तरं दिली. तेवढ्यात रस्त्यावर ढोल वाजला आणि काकांचं तोंड तिकडे फिरलं. बाबांचे हात हवेतच थांबले. काका वळले, हसले, बाबांनी पुन्हा सुरुवात केली. कुणीतरी हॉर्न दिला, काका तिकडे. कुणाचा फोन वाजला, काका तिकडे. मग ते माझ्याशीच बोलायला लागले, नातवाबद्दल, एसटीत लागलेल्या गाण्यांबद्दल. बाबा आमच्या दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत राहिले.

“काका, त्यांच्याकडे बघा ना,” मी म्हणाले.

“बघून तर राहिलो, पोरी,” ते ओशाळले. “आवाज झाला का मान आपोआपच वळते. काय करू?”

त्यांनी मशीन काढून खिशात ठेवलं. थोडा वेळ बरं चाललं. मग बोलता बोलता त्यांचा हात सारखा खिशाकडे जायला लागला. बाबांनी ते पाहिलं. त्यांनी काकांच्या खिशातून मशीन काढलं आणि स्वतःच्या हातानं त्यांच्या कानात बसवलं.

“ऐक,” बाबा मोठ्यांदा म्हणाले. “ऐकून घे गा सगळं.”

काका ढसाढसा रडले. बाबांना ते दिसलं नाही, कारण तोवर ते उठून गाड्यांमधून चालायला लागले होते.

घरी आल्यावर मी पाटीवर लिहिलं, ‘पुढच्या वर्षी येतील काका.’ पाटी घेऊन बाबांच्या समोर बसले. त्यांनी पाटी वाचली. मग माझ्याकडे नीट बघितलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.