लाल हौदातली लिंबं

हौदापाशी नुसती झुंबड उडाली होती. सकाळी नगरपालिकेच्या हौदाचं पाणी लालभडक झालेलं, आणि आता कट्ट्यावर नाथाजी भगत घुमत होता.

"मरीआई कोपलीया! रगात सांडलंय तिनं तुमच्या हौदात!"

त्यानं तांब्यात ते लाल पाणी घेतलं, लिंबू कापून पिळलं, आणि बघता बघता पाणी स्वच्छ! "उतरला! आईचा राग उतरला!" बाया रडायला लागल्या, बाप्ये आडवे झाले. ही आईसुद्धा मोठी चोखंदळ. तिला लिंबू चालायचं ते फक्त भगताच्या मेव्हण्याच्या पाटीतलं.

भगताशेजारी गळ्यात हार घालून लालासाहेब जमादार उभे होते. पलटणीतून पेन्शनीवर आलेले, नगरपालिकेचे मेंबर, आणि गावचं पाणी त्यांच्याच ताब्यात. रंग कशाचा हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेजारच्या गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली म्हणून साताऱ्याच्या डॉक्टरांनी पहाटे त्यांच्यासमक्ष हौदात पाणी शुद्ध करायचं लाल औषध टाकलं होतं. पलटणीत असताना असलं पाणी ते स्वतः इजिप्तात प्याले होते. एका वाक्यात गावाची समजूत घालता आली असती.

पण मग औषधाची पाळी का आली, तेही सांगावं लागलं असतं. बाजारगल्लीचं गटार फुटून हौदात झिरपत होतं. पाण्याला वास मारायचा, घागरीत अळ्या वळवळायच्या. मुलींच्या शाळेतल्या मेहरुनबी बाई गल्लीतल्या बायकांना घेऊन तक्रारीला यायच्या आणि लालासाहेब "बघतो, बघतो" करून त्यांना वाटेला लावायचे. गटार उकरायचं तर बाजारगल्ली बंद, दुकानदार नाराज, अन् निवडणूक तोंडावर! देवीच कोपली म्हटल्यावर गटाराचं नाव काढतंय कोण? म्हणून जमादारांनी पहिलं लिंबू स्वतःच्या हातानं हौदात पिळलं.

"जमादार, गटाराचं काय?" गर्दीतून मेहरुनबींनी विचारलं.

"आवं बाई, देवीच्या कामात गटार कुठं आणता!"

लोक खो खो हसले. लालासाहेबही हसले. मग पाट्याच्या पाट्या लिंबं हौदात पिळली गेली. पाणी स्वच्छ दिसायला लागलं आणि गाव ते पोटभर प्यालं.

त्याच आठवड्यात गावात पटकी शिरली. लालासाहेबांची धाकटी बहीण साळूबाई, नवरा गेल्यापासून त्यांच्याच घरी राहणारी, दवाखान्यात पडली. डोळे खोल गेलेले, पायांत गोळे येत होते. लालासाहेब उशाशी बसले.

"दादा," ती कशीबशी बोलली, "मेहरुनबी बाई सांगत हुत्या, पाणी उकळून प्या. मीच बायांस्नी म्हणलं, पाण्यातलं माझ्या दादाला कळतंय. त्यानं लिंबू पिळलंय नव्हं? प्या बिनघोर."

लालासाहेबांना तिच्याकडं बघवेना. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं त्यांना. दुसऱ्या दिवशी साळूबाई गेली.

तिला पोचवून ते परतले, तर हौदावर पुन्हा गर्दी. भगत ओरडत होता, "लिंबं कमी पडली रं! दुप्पट टाका!"

तेवढ्यात मेहरुनबी पुढं झाल्या. दवाखान्यातून त्यांनी लाल औषधाची चिमूट मागून आणली होती. पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात त्यांनी ती टाकली. पाणी लालभडक!

"आलं का रक्त?" त्यांनी विचारलं आणि लिंबू कापलं.

"मुसलमानणीच्या हातानं आईचा राग उतरायचा न्हाई!" भगत किंचाळला.

"बघू की."

त्यांनी लिंबू पिळलं, ढवळलं. रंग गेला.

"मंत्र नाही, धूप नाही. लिंबूसुद्धा माझ्या घरामागच्या परड्यातलं. दवाखान्यात कळलं, डॉक्टरांनी हौदात हेच टाकलं होतं. हे औषध पटकीचे जंतू मारतं आणि लिंबाचा रस त्या औषधालाच मारतो. रंग गेला म्हणजे औषध गेलं. भगतानं तुमच्याच हातानं तुमचं औषध वाया घालवलं."

पळायला निघालेल्या भगताची लोकांनी मानगूट धरली, तसा तो बोलायला लागला, "एका दवाखान्यात झाडलोट करीत हुतो. त्या औषधाचं हातावरचं डाग लिंबानं जायाचं. तितं कळलं."

"हाणा रं त्याला!"

आता लालासाहेबांना गप्प बसता आलं असतं. सगळं पाप आयतं भगताच्या डोक्यावर चाललं होतं. पण ते कट्ट्यावर चढले.

"थांबा. त्यानं तुमास्नी फसवलं. मी तुमास्नी फसू दिलं. औषध माझ्याम्होरं टाकलं हुतं. माझी साळू माझ्यामुळं गेली."

म्हातारा तात्याबा पुढं आला. "आवं जमादार, मग तवाच का न्हाई बोलला?"

लालासाहेबांची मान वर होईना.

"बोललो असतो, तर तुमी गटाराचं इचारलं असतं."

जमादारांनी डोळे पुसले.

"आता इचारा, बाबांनो. भगताला न्हाई, देवीला न्हाई, मला इचारा. पाणी कशानं नासलं, कुणाच्या चुकीनं नासलं, कवा नीट हुतंय, रोज दारात येऊन इचारा. आन् मी देवाचं नाव घेऊन उत्तर द्यायला लागलो, तर तितंच माझं तोंड धरा."