माझा पितळी हात

खर्र, खर्र, आणि मग एक फुंकर. पितळेवर कानस चालते तेव्हा असा आवाज येतो. मी तो ऐकला त्याला चाळीस वर्षं झाली. त्या आवाजातून माझा उजवा हात तयार झाला होता. तो हात आज माझ्यापाशी नाही. म्हणून तोंड उघडतोय. कारखान्यात मला राग येण्याची सोय केलेली नव्हती, तरी आलाय.

मी खेळण्यातला रोबो आहे. वीतभर उंच, राखाडी प्लास्टिकचा, छातीवर लाल चौकोन. तेव्हा टीव्हीवर अंतराळातल्या माणसांची एक मालिका लागायची. तिच्यातला एक रोबो यानाच्या दारात उभा राहायचा आणि उजवा हात वर करून शत्रूला अडवायचा. बाकी काही करायचा नाही. पण पोरांना तोच आवडला, आणि मग त्याच्यासारखे आम्ही हजारोंनी साच्यातून निघालो. सगळ्यांचा हात खेकड्याच्या नांगीसारखा, दोन बोटांचा.

एका घड्याळजींनी मला आपल्या आठ वर्षांच्या मुलीसाठी घरी आणलं. तिला चार वर्षांचा धाकटा भाऊ होता. तिसऱ्याच दिवशी दोघांची ओढाताण झाली आणि माझा उजवा हात खांद्यापासून निघाला. आता मार बसणार म्हणून धाकट्यानं तो खिडकीतून भिरकावला. खाली गटार होतं.

मुलीनं रडून घर डोक्यावर घेतलं. घड्याळजी म्हणाले, "हातच गेलाय ना बाळा? जीव तर नाही गेला. आण इकडे."

एका जुन्या घड्याळाच्या पितळी पत्र्यातून त्यांनी हात कापला, चार संध्याकाळी बसून घासला. मालिकेच्या वेळी ते रोज दुकानात असायचे, त्यामुळे ती त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. त्यांनी मला माणसाचा हात केला.

"बाबा, रोबोला पाच बोटं नसतात!" मुलगी म्हणाली.

"मग बिचाऱ्याचं काम कसं चालतं?"

"तो फक्त थांबवतो सगळ्यांना."

"हा धरेलसुद्धा," घड्याळजी म्हणाले. अंगठ्याला त्यांनी बारका स्क्रू लावला होता, त्यामुळे अंगठा वळायचा. हात जड झाला आणि मी उजवीकडे कलायला लागलो, तेव्हा माझ्या डाव्या पायात त्यांनी शिशाचा तुकडा बसवला. मग मी ताठ उभा राहिलो.

ती मुलगी शाळेत सगळ्यांना सांगायची, "माझ्या रोबोला माझ्या बाबांनी हात केलाय." एखाद्याचे वडील मोठे साहेब असावेत, अशा तोऱ्यात सांगायची.

ती मोठी झाली, नोकरीसाठी दुसऱ्या गावी गेली, आणि मी दुकानातल्या टेबलावर आलो. तिथं मी कामाला लागलो. घड्याळजींचे हात थरथरायला लागले होते. बारीक काटा किंवा स्प्रिंग ते माझ्या मुठीत अडकवायचे, डोळ्याला भिंग लावायचे आणि म्हणायचे, "धर रे बाबा, तू धर." मी धरायचो. माझा हात कधी हलला नाही. तुमच्यापैकी किती जणांना हे म्हणता येईल?

मागच्या वर्षी घड्याळजी गेले. दोघं भावंडं दुकान आवरायला आली. ताईनं मला उचललं आणि म्हणाली, "मला बाकी काही नको. हा तेवढा दे."

"देतो गं, पण असा नको," धाकटा म्हणाला. "नीट करून देतो."

"आहे तसा दे की."

"ताई, मला ह्यातलं कळतं. बघशील तू."

ती हसली आणि म्हणाली, "बरं बाबा." तिथं चुकलं. नीट म्हणजे काय? मी काय वाकडा होतो?

हा धाकटा आता मालिकांमधले रोबो जमवतो. काचेच्या कपाटात चाळीसएक आहेत. त्यांना हात लावायचा तर पांढरे हातमोजे घालायचे. एकाशीही कुणी खेळत नाही. ह्याचा एक मित्र आहे, त्याला सगळे सीलबंद म्हणतात, कारण त्यानं आजवर एकही खोका उघडलेला नाही. तो मला बघून म्हणाला, "ह्याला हा हात लग्नात आहेर आलाय का रे? अरे, कंपनीचा हात लाव. नाहीतर आपल्या लोकांत तोंड दाखवू नकोस."

मग सुरू झालं. आधी मला कसल्याशा औषधात बुडवून दोन दिवस उन्हात ठेवलं. जुन्या प्लास्टिकवर चढलेला पिवळेपणा गेला. घड्याळजींच्या तेलकट अंगठ्याचा माझ्या पाठीवर वर्षानुवर्षं बसलेला डाग होता, तोही गेला. मग पायातलं शिसं उकरलं. मग हात. सात-आठ महिने चौकशी करून त्यानं कंपनीचा हात मिळवला होता, माझ्यासारख्याच दुसऱ्या एका रोबोच्या अंगावरून काढलेला. पितळी हात त्यानं कचऱ्याच्या डब्यात टाकला.

सीलबंदसुद्धा म्हणाला, "ठेव की रे आठवण म्हणून."

"आठवण हीच आहे ना," धाकट्यानं मला उचलून दाखवलं. "तो हात कंपनीचा नाही. त्याचं काय करू?"

सकाळी कचऱ्याची गाडी आली.

चार वर्षांचा होता तेव्हा त्यानं माझा हात फेकला, ते मी कधीच सोडून दिलं. आता तो चव्वेचाळीस वर्षांचा आहे. आणि माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. माझ्यावरची धूळ तो मऊ ब्रशनं झटकतो. बहिणीसाठी म्हणून कामावरून आल्यावर तासन् तास माझ्यापाशी बसलाय. म्हणून तर माझं डोकं जास्त फिरतं. द्वेषानं कुणी मोडलं असतं, तर निदान शिवी देता आली असती.

तुमच्या घरात कुणी आपल्या हातानं सांधलेली एखादी वस्तू असेल. डाग दिलेला डबा, दुसरीच दांडी बसवलेली छत्री. तिला नीट करायला निघालात, तर आधी घरात विचारा, की ती कुणी सांधली. एवढं करा. मी हात जोडून सांगितलं असतं, पण ह्या नांग्या जुळत नाहीत.

ताई रविवारी दुपारी आली. धाकट्यानं मला टेबलावर ठेवून वर रुमाल टाकला होता.

"डोळे मीट. मीट गं! आता उघड."

तिनं उघडले. माझ्या उजव्या खांद्यावर बोट ठेवलं.

"हात कुठाय?"

"हा काय! ओरिजिनल आहे. मिळत नाही कुठं."

"बाबांनी केलेला."

"तो? अगं, तो ह्याचा नव्हताच. टाकला." तो आनंदानं नुसता फुलला होता. "कालच खोक्यातून काढल्यासारखा दिसतोय की नाही? बोल ना."

तिनं मला उचललं. मी हलका लागलो असणार. पाय उलटा करून तिनं शिशाची रिकामी जागा बघितली, तिच्यावरून बोट फिरवलं. मग मला परत टेबलावर ठेवलं, अगदी जपून, दुसऱ्या कुणाची वस्तू ठेवावी तसं.

"थांब, असा नको नेऊस, ओरखडे पडतील," म्हणत धाकटा पिशवी आणायला आत गेला. आतून त्याचं चालूच होतं, खोका पण शोधतोय म्हणून सांगत होता.

ताईनं दारात चपला घातल्या आणि मला तिथंच ठेवून ती जिना उतरून गेली.