पासष्ट ओहमचा बल्ब

रविवारी सकाळी मुंगसाने सरूबाईची खुडूक कोंबडी मारली. अंड्यांवर बसून तिला दहा-बारा दिवस झाले होते. टोपलीतली अंडी मात्र शाबूत होती आणि हाताला अजून कोमट लागत होती.

"कोंबडी गेली ती गेली," सरूबाई म्हणाली, "पर आतली पिल्लं अर्धी झाली हाईत. उबवायला दुसरी कोंबडी न्हाय."

मोरव्यात सरूबाईच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत कोंडिरामचं कुटुंब भाड्याने राहायचं. कोंडिराम मूळचा परभणीकडचा, टेलिफोन खात्यात नोकरीला. त्याची मुलगी स्वप्नाली त्या वर्षी, एक्क्याण्णव साली, बारावी सायन्सला होती. आवाज ऐकून ती दात घासता घासताच बाहेर आली होती.

"मावशी, आपण बल्बची ऊब देऊया," ती म्हणाली. "खोक्यात."

सरूबाईने तिच्याकडे नीट पाहिलं. मग अंडी गोधडीत गुंडाळून चुलीशेजारी ठेवली.

स्वप्नालीने पुठ्ठ्याच्या खोक्यात साठ वॉटचा बल्ब लावला, पाण्याची वाटी ठेवली आणि घरातला तापाचा थर्मामीटर आत सरकवला. पारा शंभरच्या आसपास राहायला हवा होता. तो थेट वरच्या टोकाला जाऊन टेकला. मग झीरोचा बल्ब लावला, तर पारा जागचा हललाच नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात साठ आणि शंभर सोडून दुसरा बल्ब नव्हता.

"दोन साठचे सिरीजमध्ये जोडू," ती म्हणाली. "रोध दुप्पट होईल, करंट निम्मा. म्हणजे दोन्हींत मिळून तीस वॉट. बाबा, तुमचं मीटर काढा ना."

कोंडिरामने पिशवीतून मीटर काढलं. "जोडण्याआधी एका बल्बचा रोध मोज. हिशेब पक्का होईल."

तिने मीटरच्या दोन तारा बल्बला टेकवल्या. काटा पासष्ट ओहमवर थांबला. स्वप्नालीने व्होल्टेजचा वर्ग करून त्याला पासष्टने भागलं आणि ती थबकली. पुन्हा केलं. उत्तर तेच.

"बाबा, हा बल्ब आठशे वॉटचा आहे."

"आठशे वॉटची इस्त्री असते."

"तेच म्हणतेय. मीटर बिघडलंय?"

"कालच लाइन तपासलीय यावर." कोंडिरामने स्वतः मोजलं. पासष्ट. दुसरा बल्ब घेतला. तोही तेवढाच. तो पाटावर बसला आणि बल्ब डोळ्यांसमोर धरून फिरवत राहिला. "पण मग यावर साठ का लिहिलंय?"

स्वप्नाली उठून उभी राहिली. "आपण विझलेला मोजतोय. पेटलेला मोजू या."

"पेटलेल्याचे ओहम मीटरवर नाही घेता येत. मीटर जळेल."

"ओहम नको. व्होल्टेज घ्या आणि करंट घ्या. भागाकार मी करते."

"तू बटणापाशी थांब. तारांना हात लावायचा नाही," असं बजावून कोंडिरामने मीटर बल्बच्या वाटेत जोडलं. बटण दाबलं, उजेड पडला. करंट पॉइंट सव्वीस अँपिअर. मग बटण बंद करून, तारा बदलून व्होल्टेज घेतलं: दोनशे तीस.

तिने भराभर आकडेमोड केली. गुणाकार साठला जवळजवळ येऊन भिडला. भागाकार आला आठशे ऐंशीच्या वर.

"तोच बल्ब, बाबा. थंड असताना पासष्ट, पेटल्यावर आठशे ऐंशी. तार तापली की रोध वाढतो. पुस्तकात एक ओळ होती, मी नुसती पाठ केली होती."

खात्री करायला तिने बल्ब विझवून काढायला लावला आणि कोंडिरामने लगेच ओहम घेतले. आकडा पासष्टच्या बराच वर होता, आणि दोघांच्या डोळ्यांदेखत उतरत गेला. कोंडिराम हसायला लागला. "एवढी वर्षं मीटर वापरतोय," तो म्हणाला, "असं कधी बघितलंच नव्हतं. परत एकदा कर."

त्यांनी परत केलं. मग आणखी एकदा.

"अंडी थंड हुतील," दारातून सरूबाई म्हणाली.

दोन बल्ब सिरीजमध्ये लागले. स्वप्नाली आता तीस वॉटची वाट पाहत नव्हती. दोन्ही बल्बांच्या वाट्याला निम्मं-निम्मं व्होल्टेज, म्हणजे तारा कमी तापणार, रोधही कमी राहणार, करंट निम्म्यापेक्षा जास्त येणार. किती, ते तिला सांगता येत नव्हतं. मीटरने सांगितलं: पॉइंट अठरा. म्हणजे चाळीस वॉटच्या वर. पारा एकशे पाचला गेला.

"जास्त आहे. तिसरा लावा."

तिसरा बल्ब कोंडिरामने स्वयंपाकघरातला काढून आणला. तिन्ही बल्बांच्या तारा लालसर, मंद दिसत होत्या. करंट पॉइंट चौदा. गुणाकार बत्तीस वॉट. स्वप्नालीने थर्मामीटर झटकून आत ठेवला, थोडा वेळ थांबून बाहेर काढला, पारा शंभरवर असल्याचं पाहिलं आणि तो सरूबाईच्या हातात दिला. सरूबाईला आकडे वाचता येत नव्हते. तिने स्वप्नालीच्या तोंडाकडे पाहिलं आणि अंडी आणायला गेली.

पुढचे दिवस अंडी फिरवायचं काम सरूबाईने दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. एकदा भर दुपारी लाइट गेली. तेव्हा तिने गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवल्या, आणि लाइट येईपर्यंत स्वप्नाली कॉलेज बुडवून तिथेच बसून राहिली. फिजिक्सच्या मॅडमना तिने आपले सगळे आकडे सांगितले होते. त्यांनी तिला ते वर्गापुढे फळ्यावर मांडायला लावलं होतं.

एका सकाळी सरूबाईने मागच्या दारावर थाप मारली. "चल बिगी बिगी."

खोक्याशी कान नेला तर आतून चिवचिव ऐकू येत होती. एका अंड्याला चीर गेली होती. त्या फटीतून इवलीशी चोच ठोकत होती, थांबत होती, पुन्हा ठोकत होती. कोंडिराम बनियनवरच धावत आला. दुपारपर्यंत ओली, धडपडणारी सात पिल्लं बाहेर आली होती. काही अंडी तशीच राहिली.

सरूबाईने सुकलेलं एक पिल्लू उचललं आणि स्वप्नालीच्या ओंजळीत ठेवलं. ते थरथरत होतं, आणि तिच्या हातांपेक्षा गरम होतं.

"बाबा," ती पिल्लावरून नजर न हलवता म्हणाली, "संध्याकाळी इस्त्री मोजू या?"